रेघेची जाडी

नकाशावर ट्रक दिसत नाही.
दिसते रेघ
आणि रेघेची जाडी.
दिवसाला हजार ट्रक म्हणजे एक मिलिमीटर
असं मीच ठरवलं होतं, एका मंगळवारी,
जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत.

मनिलाच्या बंदरापासून उत्तरेला,
व्हालेन्सुएलाच्या गोदामांकडे जाणारी रेघ
भरली बोटाएवढी.
साहेब म्हणाले, जरा बारीक कर,
महापौरांना शहर सुजल्यासारखं वाटेल.

रेघ बारीक करायची तर आधी आत काय आहे ते बघायला हवं.
म्हणून उतरलो आम्ही, मी आणि क्रिस्पुलो,
तोंदोच्या त्या रस्त्यावर,
जिथे बंदीची वेळ संपायची वाट बघत
कंटेनर उभे असतात
एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक लावून.

प्रश्न चारच.
कुठून आलात, कुठे निघालात,
आत काय, वजन किती.

मांग अनिसेतो चाकाच्या सावलीत बसून
पायाची नखं कापत होता.
कुठून?
धक्क्यावरून.
कुठे?
धक्क्यावरच.
आत काय?
तो उठला, कडी काढली.
आत चाळीस फूट अंधार
आणि कुठल्यातरी परमुलखातल्या लसणाचा वास.
"रिकामा परत द्यायचाय. डेपोवाले म्हणतात जागा नाही.
तीन दिवस झाले, हवा वाहतोय.
हवेलाही रस्ता तेवढाच लागतो, बाई.
डिझेल थोडं कमी, एवढंच."

वजनाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.
मग त्याच्याकडे पाहिलं, त्या शून्याकडे.
अठरा चाकं होती त्याला.

ऑफिसात येऊन रिकाम्यांना वेगळा रंग दिला.
बोटभर रेघेत
करंगळीएवढी हवा निघाली.
साहेब खूश. क्रिस्पुलोने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.
रिकामे फेरे रात्री, खाडीकडच्या रस्त्याने:
माऊस धरला, रेघ उचलली,
दोन बोटं पश्चिमेला सरकवली.
आवाजसुद्धा झाला नाही.

महिन्याभराने तोंदोत गेले, परिणाम मोजायला.
रस्ता मोकळा. इतका की कुत्रं मधोमध झोपलेलं.
आलिंग इस्कांगच्या खानावळीत
पातेल्यांवर झाकणं होती, भर दुपारी.
तिची खानावळ माझ्या नकाशात कधी नव्हतीच.
ती रस्त्यावर नव्हे, खोळंब्यावर उभी होती.
माझ्या तक्त्यात खोळंबा म्हणजे नुकसान,
तासाला अमुक पेसो.
तिच्या तक्त्यात खोळंबा म्हणजे
दोन डाव भात, सुकी मासळी,
शुक्रवारी मुगाचं कालवण, उधारीची वही.
"जेव," म्हणाली, "उरलंय खूप."
कोण मी, तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
पैसे दिले, सुटे परत घेतले नाहीत,
आणि एवढ्याने काय होतं ते मलाही ठाऊक होतं.

आता राहिलं ते एवढंच, की
खाडीकडच्या त्या रस्त्याला
आमचंही घर लागतं.
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
दोन बोटांच्या अंतरात
कुणाचं ना कुणाचं घर येणारच,
मग आपलं वगळायचं कुठल्या तोंडाने,
असा विचार तेव्हा केला होता.
दिवसा विचार सोपा असतो.

रात्री अडीचला पेल्यातलं पाणी शहारतं.
आता अंथरुणातूनच कळतं मला:
भरलेला रस्ता दाबत जातो, गुपचूप,
ओझं सांभाळणाऱ्या माणसासारखा.
रिकामा दारं आपटत, साखळ्या वाजवत,
आख्ख्या गल्लीला सांगत जातो
की आपल्याकडे काही नाही.

पलीकडून आई विचारते,
कुणी सोडले गं हे आपल्या रस्त्यावर?

मी तिचं पांघरूण सारखं करते.
आणखी एक जातो.
रिकामा.