सोळावी भाजी

महालक्ष्म्यांसाठी आम्ही तिघी जावा गावी जमलो,
पंचफुलाबाई दिग्रसहून, बेबी नागपूरहून,
मी कारंज्याची, सगळ्यात धाकटी.
फुलोरा टांगला, आंबील रटरटली,
पंधरा भाज्या चिरून झाल्या.
सोळावी अंबाडी.
आणि ती गावात नव्हती.

पूर्वी ज्वारीत आपसूक दिसायची.
आपसूक म्हणजे, आत्याबाई तिफणीमागं चालताना
ओटीतून चिमूट चिमूट बी सोडायच्या.
आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन,
सोयाबीनला फवारा,
आणि फवाऱ्याला काय,
अंबाडी आणि गाजरगवत सारखंच.

बेबीचा नातू सांगत आला:
हमीदाबीच्या गोठ्यामागं एक ओळ आहे,
माणसाहून उंच, लाल दांड्यांची.
"भाजीले नाही ठेवली व माय," हमीदाबी म्हणाली,
"बकऱ्यांच्या दाव्याले ठेवली.
नायलॉनचं दावं गया कापते."
तरी शेंडे तोडू दिले, ओटीभर.

मग भांडण.
थोरली म्हणे, पाला उकळून पाणी फेकायचं.
बेबी म्हणे, फेकलं तर आंबटपणा गेला,
मग पालकच खा की.
मी म्हटलं, कण्या आधी, डाळ मागून.
दोघी माझ्याकडं अशा पाहत राहिल्या
जशी मी कालच या घरात आले.

हळूहळू उमगलं:
आत्याबाईंनी एकीलाही ही भाजी
अथपासून इतीपर्यंत करू दिली नव्हती.
नऊ वर्षं थोरलीनं पाला निवडला.
बेबीनं जात्यावर ज्वारी भरडली, कण्या पाखडल्या.
माझ्याकडं चूल, मिरच्या आणि लसूण.
मधलं सगळं त्यांच्या हातात.
कुणी वेगळं निघू नये म्हणून?
की शेवटचं ढवळणं आपलंच राहावं म्हणून?
"पक्की होती बाई," पंचफुलाबाई म्हणाली,
आणि निवडलेला पाला पुन्हा निवडत बसली.

वेगळ्या निघालोच आम्ही.
कोपर, गंज, परात, पितळी डबे
मोजून वाटले, कागदावर सह्या झाल्या.
भाजीचीही वाटणी तेव्हाच झाली होती,
फक्त यादीत लिहिली नव्हती.

बेबीची पुण्याची सून मोबाइलमध्ये टिपून घेत होती.
"वरून सांबार," बेबीनं सांगितलं.
सून थबकली.
"भाजीवर सांबार ओतायचं? इडलीचं?"
तिघींना एकदम हसू फुटलं.
"कोथिंबीर व पोरी, कोथिंबीर!"
पोरीनं खोडलं, हसत हसत पुन्हा लिहिलं.
त्यानंतर पाण्याचा वाद कुणी काढला नाही.
निम्मं फेकलं, निम्मं ठेवलं.

नैवेद्य झाला, पंगत उठली.
सगळे चांगली झाली म्हणाले,
म्हणजे तशी झाली नव्हती.

दिवे लागताना हमीदाबी आली,
हातात तीच जर्मनची वाटी, काठाला पोचा पडलेली.
बोटावर घेऊन चाखली.
"लागली नाही."
"कशी लागेल, मी ढवळतच होते," मी म्हटलं.
"तेच तं. तुमची सासू वावरात निघून जाये,
भाजी बुडाले लागे.
मले तं दर साली तशीच भेटे,
खमंग, धुराची."

आम्ही तिघी गप्प.
कारण आठवलं.
सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर
तिची वाटी शेवटी भरली जायची,
बुडातून, पळीनं खरवडून.
आम्हाला वाटायचं, उरलंसुरलं.
ते आमच्या ताटात कधी आलंच नाही.

गंज पुन्हा चुलीवर चढवला.
मी एक लाकूड आत सरकवलं
आणि हात मांडीवर ठेवून बसले.
ढवळ, असं कुणी म्हणालं नाही.
वास बदलला, आधी कण्यांचा, मग लसणाचा,
मग ज्याला नाव नाही असा.
बेबीनं घाईनं हमीदाबीची वाटी ओढली,
यंदा पहिली तिचीच भरायची म्हणून
वरची मऊ भाजी पळीत घेतली.

"थांब व," हमीदाबीनं तिचा हात धरला,
"मले बुडाचं दे."