बेत

पाटीवर स्लेथवेट, बोलताना स्लॉविट.
तिसऱ्या गुरुवारी बसवाल्याने माझा उच्चार सुधारला
आणि सुटे परत देताना विचारलं, विनीकडे का?
कालव्याकाठच्या त्या खोलीत
अंधार पडल्यावर दुसरं कोण कशाला जाईल.

विनिफ्रेड ओल्ड्रॉइड. वय एक्याऐंशी.
अकरा वर्षं मागावर, मग सगळी नोकरीच
कापडातल्या गाठी बोटाने शोधण्यात.
बोलताना ओठ मोठे हलवते, आवाज बेताचा.
गिरणीत काही ऐकू यायचं नाही, म्हणाली,
आम्ही एकमेकींचे ओठ वाचायचो.
मी म्हटलं, आमच्या विट्यात यंत्रमाग रात्रभर चालायचे,
वीज गेली की सगळी गल्ली दचकून उठायची
शांततेने.
तिथून आमचं सूत जुळलं.

पहिला महिना नुसता ताणा.
तीनशे चाळीस धागे, एकेक वईच्या डोळ्यातून,
मग फणीच्या दातातून, आकडीने ओढून.
दोनशे नव्वदाव्याला कळलं
की एकशे बारावा चुकलाय.
"रडलीस तरी चालेल," विनी म्हणाली,
"लोकरीला पाण्याचं वावडं नाही."

मग बाणा. चार पावड्या, एक दोन तीन चार,
धोटा, ठोका, धोटा, ठोका,
तिरपी रेघ उजवीकडे चढत जाते,
आणि माझ्या कडा आत आत येतात.
"आडवा धागा सैल सोड, कमानीसारखा.
ताणून दिलास तर कापड स्वतःची कंबर आवळतं."
घरी जाऊन हे हेरंबला सांगितलं.
तो म्हणाला, नक्की कापडाबद्दलच चाललंय ना?

फेब्रुवारीत एकदा मागावर असतानाच फोन आला.
ऐकला. ठेवला.
पुढच्या तीन ओळी पाय उलटे पडले,
चार तीन दोन,
चढती रेघ तेवढीच मागे फिरली.
विनीने पाहिलं. उसव म्हणाली नाही.
त्या जागेवरून एकदा तर्जनी नेली
आणि जाऊन किटली ठेवली.

एप्रिलमध्ये चार वार राखाडी कापड उतरलं,
मधे हळदीच्या रंगाचा एक उभा पट्टा.
विनीच्या टबात, साबणाच्या कोमट पाण्यात
आम्ही दोघी ते अनवाणी तुडवत राहिलो,
तिचा हात माझ्या खांद्यावर,
माझा नळावर.
ओलं होण्याआधी वीस इंच रुंद,
वाळल्यावर सतरा.
हेरंबची बंडी त्यात मावेना.
"मग तुझी," ती म्हणाली, आणि कात्री पुढे केली.

इथे मी अडले.
दुकानातलं कापड मी बिनदिक्कत फाडलंय,
पण याची एकेक ओळ मला तोंडओळखीची.
विनीला सांगितलं, आमच्या भाषेत कापड बेततात.
बेत म्हणजे मनसुबाही,
आणि जिवावर येतं तेव्हाही बेततंच.
तिने जरा विचार केला.
"इतक्या कामांना एकच शब्द?
यॉर्कशरचेच दिसता तुम्ही."

मी कागद असा ठेवला होता
की त्या तीन ओळी बगलेच्या कातरणात जाव्यात.
तिने टाचण्या काढल्या, कागद चार बोटं सरकवला,
पुन्हा टोचल्या. का ते विचारलं नाही.
कापताना कात्रीचा आवाज
वाळकी भाकरी मोडावी तसा आला.

आता ऑक्टोबर. बंडी छातीवर थोडी घट्टच होते.
ती चूक उजव्या अंगाला पोटाशी आलीये,
वरून शिवलेल्या खिशाने झाकलेली,
फक्त हात आत घातला तर सापडणारी.
बसच्या पायरीवर मी सुटे चाचपते,
बोट त्या तीन ओळींशी पोचतं, थबकतं,
आणि बसवाला,
मागे रांग असली तरी,
काही बोलत नाही.