तीनशे बारा परत

मंगळवारी साडेआठला ईमेल सोडल्या, तीन हजार एकशे नव्वद.
विषय: मेणाचे नवे पत्रे आलेत, चौकटींवर दहा टक्के सूट.
नवाला कॉफी होईतो
तीनशे बारा परत.

राडोव्लित्सात अजून छपरांवर बर्फ आहे.
दुकानात मेणाचा, धुराड्याचा, ओल्या बुटांचा वास.
मालक, विन्को, हातमोजे मोजता मोजता म्हणतात,
येऊ देत की परत. मधमाशीसुद्धा परतच येते.
मी म्हणते, माशी भरून येते.
हे नेलं तसंच घेऊन येतं.

सर्व्हर फार बोलत नाही.
चारशे बावन्न: पेटी भरली आहे, नंतर बघा.
त्याला मी थांबते. तीन मंगळवार, मग पुरे.
पाचशे पन्नास: या नावाचं इथे कोणी नाही.
याला थांबण्यात अर्थ नसतो,
तरी विन्को थांबायला लावतात.
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासूनचं गिऱ्हाईक, म्हणे, असं कसं पुसायचं?

कसं समजावू त्यांना
की बंद दार रोज ठोठावणाऱ्यावर गल्लीची नजर असते.
मोठ्या टपालघरांच्या वहीत नोंद होते:
ही बाई नसलेल्यांना हाका मारत फिरते.
मग जे आहेत, जागे आहेत, चौकटींची वाट बघताहेत,
त्यांच्याही दारातून आपण थेट कचऱ्यात.

तर मी बसले. दोन दिवस, शिळा पाव आणि ती यादी.
शरदाच्या जत्रेत, स्टॉलवरच्या वहीत, मधाळ बोटांनी
लिहिलेले पत्ते. एक की एल, कोण जाणे.
आडनावातल्या सीवरचा छोटा आकडा
ज्यांनी पत्त्यातही जिवापाड जपला, असे चौदा.
(आकडा काढला, चौदाही पोचले.)
जीमेलचं जीमिअल, सव्वीस.
पोलाद कारखान्यानं नाव बदललं तेव्हा
एका रात्रीत बेपत्ता झालेले एकेचाळीस फिटर,
आणि बोहिन्यच्या शाळेतले एक मास्तर,
ज्यांचा पत्ता शाळेनं निवृत्तीच्या हारासोबतच काढून घेतला.

लोय्झे पिर्नात. पाचशे पन्नास.
सात पेट्या, दरवर्षी फेब्रुवारीत साठ चौकटी.
पुसायच्या आधी फोन केला.
मुलीनं उचलला. तादेया.
वारले, ऑक्टोबरात.
आणि थोड्या वेळानं: दोन पेट्याही वारल्या.

आमच्या भाषेत गाय मरते, कुत्रं मरतं.
वारतात ती माणसं,
आणि मधमाश्या.

मला काय बोलावं सुचेना, म्हणून जुनंच विचारलं,
घरधनी गेल्यावर पेट्यांना सांगायचं असतं, ते सांगितलंत?
सांगितलं, म्हणाली. संध्याकाळी, प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक करून.
तुम्हालाच सांगायचं राहिलं.

मग तिनं विचारलं, साखरेचा गोळा आत्ता ठेवू
की ऊन जरा वर आल्यावर?
विन्कोंनी माझ्या हातून फोन घेतला आणि वीस मिनिटं दिला नाही.
शेवटी मी तिचा पत्ता अक्षर अक्षर विचारून घेतला,
आकड्याविना.
तिला एक ओळ पाठवली: हा पत्ता तुमचाच असेल तर इथे दाबा.
आता नव्या प्रत्येकाला आधी हीच ओळ जाते.
विन्कोंना हे उद्धट वाटतं.
पाहुण्याला दारात नाव विचारल्यासारखं.

तिनं दाबलं, रात्री अकरा सत्तेचाळीसला.

यादी आता दोन हजार नऊशे अठरा.
लोय्झेंची ओळ मी पुसली. विन्को बघत होते.
काही म्हणाले नाहीत,
नुसतं बोटाच्या पेरानं मॉनिटरच्या कडेवर
टक, टक, टक.

पुढच्या मंगळवारी एकवीस परत.
शंभरात एकसुद्धा नाही, मी म्हटलं, चला, जमलं.
विन्कोंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खुर्ची ओढली.
एकवीस कोण?