कुठल्या रानातली

"पिकं बघा जरा," म्हटलं, तर इलाहीभाई हसले,
"कुठल्या रानातली?"
मिरजेतलं दुकान, चपड्याचा वास,
मी त्यांच्या पाटावर पाचही ओतली.

पातळ पिवळं: ताल धरायला बरं,
पण तारेवर फडफडतं
पंख्याखालच्या कॅलेंडरासारखं.
काळं, दीड मिलिमीटर: बोलतं कमी, अडतं जास्त.
तिकोनी एक, कोपरा झिजला की फिरवायचं,
तीन आयुष्यं त्याला.
नायलॉनचं घामात निसटतं.
पाचवं मीच कापलेलं,
बुडालेल्या पतसंस्थेच्या कार्डातून;
त्यावर अजून बाबांच्या आडनावाची
शेवटची दोन अक्षरं.

त्यांनी एकेक कानाशी धरून टिचकावलं.
पाचव्याला जरा वेळ लावला.
मग तर्जनी पुढे केली:
नखीच्या तारेनं पन्नास वर्षांत पाडलेली खाच.
"जाडी हितं असती पोरा."

तरी निघताना करवंटीचा तुकडा
कानशीनं घासून हातात दिला,
ओबडधोबड, एका अंगाला जास्तच जाड.

सांगलीपर्यंत बसमध्ये
तो अंगठ्याखाली फिरवत राहिलो.
तारेकडची बाजू कुठली,
अजून ठरत नाही.