जावई

सकाळी साडेपाचले मैदानावर फक्की मारतो मी,
आश्रमशाळेचा शिपाई, दौलत कोडापे.
डाव्या कोपऱ्यात मुरमाचा उंचवटा हाय,
तिथं रेघ वाकते. कोच म्हनते, चलेगा.

नागपूरची पगारी टीम महिन्याभरासाठी आली:
सव्वीस पोट्टे, एक डाक्टर, बर्फाची पेटी.
शिजन सुरू व्हायले अजून टाइम,
पन आमच्या कुंपनाच्या भिंतीवर
पऱ्हाटीचं निंदन सोडून मान्सं बसलेले.

नावं कोनालेच पाठ नाईत.
लांब पायाचा तो बगळा.
गोलवर उभा राहते तो फाटक,
गाडी निघून गेल्यावर पडते म्हनून.
आन् तीन नंबर, डाव्या बाजूचा,
तो जावई:
पुढं गेला का तिकडंच मुक्काम करते.

हे नाव शेषराव ढुमण्यानं ठेवलं.
शेषराव पेपरमिलकडून खेळला होता,
एक मॅच, तेही अर्धी,
पन त्या अर्ध्या मॅचचं गुडघं
तो अजून सगळ्यायले दाखवते.

"याले काऊन ठेवलं बे? मांगं पाहा, वावर मोकळं!"
भिंतीवरून आवाज थेट गोलपर्यंत जाते.
हुसेन टेलर म्हने, "छाती पाहा त्याची,
नव्वद मिनटं भाता बंद होत नाई."
"भाता घेऊन काय लोहारी करायची हाय?"
मंग अर्धी भिंत हुसेनकडं, अर्धी शेषरावकडं,
आन् मधात बसलेल्या पोराच्या
खारमुऱ्यायची पुडी सांडली.

पर्बताबाई कॅम्पात पोया करते.
ती जाता जाता बोलली,
"तो पोट्टा आपलं ताट सोता धुते."
शेषराव म्हने, "ताट धुवून गोल वाचत नाई बाई."
ती म्हने, "तुमचं कोन धुते?"
त्या दिवशी वाद तिथंच मिटला.

चंदरपूरच्या पोलिसांसंगं मॅच झाली.
दोन-एक हरलो.
दुसरा गोल त्याच मोकळ्या वावरातून आला.
भिंत हू म्हनून उठली,
जावई कमरेवर हात ठेवून
माह्या वाकड्या रेघीकडं पाहात राहिला.

बुधवारी होस्टेलच्या दारावर यादी लागली.
बावीस नावं. हुसेननं चष्मा लावून वाचली,
एकदा, दोनदा.
पन बगळा कोनता? फाटक राहिला का गेला?
महिनाभर भांडलेली अख्खी भिंत
दारापुढं अडान्यासारखी उभी.

चार वाजता समजलं.
टपरीवर बॅग घेऊन तीन नंबर आला,
"गोंदियाले जायाले यष्टी कितीले हाय जी?"

शेषरावच्या हातातला कप तसाच राहिला.
"तू... आपल्याकडचा होय?"
"आमगावचा. टेकचंद बोपचे."
"मंग महिनाभर..."
"आयकू येत होतं न, सगळंच."
हुसेन जमिनीवर सुई शोधाले लागला,
सुई पडलीच नोयती.
"जावई बी?"
पोट्टा हसला, बशीत चहा ओतला,
"लगन व्हायचं हाय काका अजून."

पैसे शेषरावनं देल्ले.
यष्टी आली तं बॅग बी त्यानंच चढवली,
दुखऱ्या गुडघ्यानं.
त्या दिवशी वारं उलटं होतं, असं काईतरी
खिडकीपाशी बोलला. गाडी चालू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फक्की मारली.
भिंत भरली. डाव्या बाजूले नवा गडी,
जागचा हालत नाई, खुटा ठोकल्यावानी.
मांगून एक बी बॉल गेला नाई.
पुढं बी गेला नाई.

लय वेळानं शेषराव बोलला,
"टेकचंद असता तं गेला असता पुढं."
"आन् वापस?" हुसेननं इचारलं.
"वापसचं मंग पाहून घेतलं असतं."