विषय क्रमांक चार

नोव्हेंबर. बेटावर दुपारी तीनलाच अंधार.
चर्चच्या तळघरात आम्ही सात जण, हीटर एक,
आणि भिंतीवर मादागास्करचा जुना नकाशा.
टाचण्या गंजून
गावांच्या नावांवर तांबूस डाग पडलेत.

इतिवृत्त मी लिहिते. सव्वीस वर्षं.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कसं बोललं ते नाही.

टोरबियोर्गने ताळेबंद वाचला:
लिलावात हातमोजे गेले एकतीस जोड
(मागे दोनशे जायचे,
तेव्हा विणणारे हातही होते),
एका बोटीची सुकवलेल्या कॉडची देणगी,
एका मृत्युपत्रातून थोडं.
बेरीज एवढीशी, की तिने ती दोनदा वाचली,
दुसऱ्यांदा हळू,
जणू तेवढ्याने वाढेल.

समोर चार मागण्या.
परिचारिका व्होलोलोनाच्या होडीला इंजिन.
वादळाने नेलेलं बायबल-शाळेचं छप्पर.
पाळकांच्या मुलांची फी.
आणि दर वर्षी न बोलता मंजूर होणारी एक:
मिशनरी आस्लॉगच्या थडग्याची देखभाल,
चुना, कुंपण, गवत कापणाऱ्याची मजुरी.

"आधी काय?" टोरबियोर्गने विचारलं.
आधी काय म्हणजे
शेवटी काय, हे मंडळीत सगळ्यांना कळतं.
वॉफल थंड होत गेले.
कोणी म्हणालं, आत्म्याचं आधी.
कोणी म्हणालं, तापाने फणफणलेल्या पोराला
आत्मा कुठे आहे ते विचारून बघा.
एक जण नकाशाकडेच बघत राहिला,
तो काही सुचवील म्हणून.

थडग्याबद्दल कोणी बोलेना.
कारण गुडमुंड तिथेच बसला होता,
आस्लॉगचा धाकटा भाऊ, आज ब्याऐंशीचा,
धक्क्यावर तिला निरोप देताना नऊ वर्षांचा.
तिच्या टोपीचा रंग अजून सांगतो,
दर वेळी वेगळा.

त्यानेच कप खाली ठेवला.
"चौथं खोडा," म्हणाला.
"ती तिथे गेली ती काही
स्वतःवरचं गवत कापून घ्यायला नाही."

मी लिहिलं: विषय क्रमांक चार. रद्द. एकमताने.
कपाचं लिहिलं नाही.
बशीत तो नीट बसेना,
दोनदा किणकिणला,
मग त्याने तो हाताने दाबून धरला.

एप्रिलात पत्र आलं, वहीच्या कागदावर.
इंजिन पोचलं, व्होलोलोनाने लिहिलं होतं.
फार ओरडतं,
काठावरची पोरं ऐकूनच पळतात, सुईच्या भीतीने.
वरच्या गावांना आता एका दिवसात जाऊन येते.

मग शाई बदललेली.

"एक गोष्ट तीन वर्षं कळवली नाही.
नदीने वळण बदललं, काठ खाल्ला,
आणि पुराच्या एका रात्री
तुमच्या बाईंचं थडगं घेऊन गेली.
वाटलं, तुम्हाला दुःख होईल.
पैसे येत राहिले. आम्ही हिवतापाची औषधं घेतली.
हिशेब सोबत जोडला आहे.
चुकलं असेल तर क्षमा करा.
यंदा तुम्ही ते पैसे बंद केलेत,
तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलं असावं."

हिशेब खरंच जोडला होता.
पै न् पैचा. गोळ्या, मच्छरदाण्या, एक कंदील.

गुडमुंडकडे कोणी बघेना.
त्याने कागद मागून घेतला, चष्मा पुसला,
आकड्यांवरून बोट फिरवत
बेरीज स्वतः करून पाहिली.
"बरोबर आहे," म्हणाला.
बराच वेळ गेला.
"कंदील कशाला हवा होता, लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलं.

"पुढच्या पत्रात विचाराल?"

छप्पर राहिलंच होतं, फीसुद्धा.
पण त्या दिवसाच्या इतिवृत्तात
विषय क्रमांक एक म्हणून
मी कंदील लिहिला.