मिठाचा अंदाज

सही करण्याआधी डॉक्टर तांबोळींना मी एकच विचारलं :
आमटीतलं मीठ कळेल ना मला नंतर?
ते हसले नाहीत.
म्हणाले, कळायला हवं. पण लिहून देता येणार नाही.

सदाशिव पेठेत माझी मेस आहे,
दुसरा मजला, बेचाळीस डबे,
सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं.
त्यांना वाढताना मला भूक नसते.
भूक नव्हतीच ती कधी.
रात्री अकराला ओटा पुसून झाला
की हात निघायचा आपला आपण :
उरलेल्या पोळ्या, तुपाची बेरी,
एकदा तर कच्च्या शेवयांचा अख्खा पुडा,
उभ्यानं, दिवा न लावता.
मला कळायचं ते बोटांना डब्याचा तळ लागल्यावर.

लोक म्हणायचे, बाईचा जिभेवर ताबा नाही.
नणंद म्हणायची, मन घट्ट कर, कुमुदिनी.
एकवीस गुरुवार केले. काढे प्याले.
गुडघे धरधरून तळजाई चढले.
एकशे अठरा किलोंचं मन
नेमकं कुठून घट्ट करायचं,
हे काही कुणी सांगितलं नाही.

मग कर्वे रस्त्यावरच्या इस्पितळात
कवटीला भोक पाडून
शेवईएवढी तार आत खोल सोडली,
गळ्याच्या हाडाखाली बॅटरी, काड्यापेटीएवढी.
महिन्याभरानं समोर गुळाची पोळी ठेवली,
माझीच, घरून नेलेली,
आणि मशीनवरच्या शमिकानं बोट टेकवलं पडद्यावर :
हे बघा काकू, इथं.
तुमचा हात उचलायच्या आधी दीड सेकंद.

दीड सेकंद.
बावन्न वर्षं ज्याला माझा स्वभाव म्हणत आले
तो हा एवढासा फुगवटा,
दूध उतू जाण्याआधी साय वर येते तसा.
आता तिथं कुणीतरी गॅस बारीक करतं.

नणंद म्हणाली, मग यात तुझं काय? मशीननं केलं.
मी तिच्या चष्म्याकडे बघत राहिले.

परवा रात्री ओटा पुसला.
हात निघाला, आणि अर्ध्यावर थांबला,
काहीतरी आणायला खोलीत यावं
आणि काय ते आठवू नये, तसा.
मी दिवा लावला.
खाली गल्लीत कुणीतरी घटनेची कलमं घोकत चाललं होतं,
चौदा, पंधरा, सोळा,
सतराशी अडलं, पुन्हा चौदापासून.
स्टुलावर बसून ऐकत राहिले.
या वेळी या घरात
ऐकण्यासारखं काही असतं, हे माहीत नव्हतं.
मग रडू आलं. कशाचं, ते अजून सांगता येत नाही.

रोज जमतं असं नाही.
मंगळवारी गॅस बारीक झालाच नाही, लाडू गेले.
शमिका म्हणाली, लपवू नका, वहीत लिहा.
लिहिले : चार.
पाच होते.

आज दुपारी अहमदपूरचा पोरगा म्हणाला,
काकू, आमटीत मीठ कमी आहे का?
पातेल्यातली थेंबभर तळहातावर घेतली,
चाटली.
कमीच होतं.

चिमूटभर घातलं, ढवळलं.
पुन्हा चाखून पाहिली नाही.